मदत हवी आहे: माशाच्या सीआरएममध्ये आर्सेनिक 117% येतंय

माशाच्या सुक्या ऊतकाच्या सीआरएममध्ये (प्रमाण आधीच ठाऊक असलेला प्रमाणित संदर्भ नमुना) आयसीपी-एमएसवर (प्लाझ्मात आयन करून मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) आर्सेनिक दर वेळी प्रमाणित मूल्याच्या 115 ते 118% येतंय. सेलेनियमही चढंच. कॅडमियम, शिसं, तांबं मात्र 96 ते 102%.

0.25 ग्रॅम नमुना, 6 मिली नायट्रिक, 2 मिली पेरॉक्साइड, मायक्रोवेव्ह 200 अंश (पात्रांची हीच मर्यादा), मग 50 मिली. इंटर्नल स्टँडर्ड (सिग्नलमधला चढउतार सुधारायला सगळीकडे सारखं घातलेलं मूलद्रव्य) रोडियम.

पहिला संशय क्लोराइडचा होता, कारण आर्गॉनशी जुळून तो आर्सेनिकच्याच 75 वस्तुमानावर दिसतो. पण हीलियम मोडमध्ये (असे जुळलेले आयन गाळणारा मोड) नुसत्या 0.5% हायड्रोक्लोरिकला 75 वस्तुमानावर काहीच दिसत नाही. ब्लँकही (नमुन्याशिवाय केलेली चाचणी) स्वच्छ. स्पाइकसुद्धा (नमुन्यात मुद्दाम घातलेलं ठरावीक आर्सेनिक) 116%, म्हणजे वरून भर पडत नाहीये, सिग्नलच फुगतोय. द्रावण फिकट पिवळं राहतं, त्यामुळे उरलेल्या कार्बनचीच दाट शंका आहे; प्लाझ्मात तो आर्सेनिक, सेलेनियमचा सिग्नल वाढवतो.

बॅचला 40 नमुने, प्रत्येकाला स्टँडर्ड ॲडिशन (त्याच नमुन्यात ज्ञात भर घालून मोजणं) जमणार नाही. मग कार्बनचा परिणाम सगळीकडे सारखा व्हावा म्हणून स्टँडर्ड आणि नमुने दोन्हींत 2% मेथॅनॉल घालावं, की रोडियमऐवजी आर्सेनिकसारखंच आयन व्हायला अवघड असलेलं टेल्युरियम पुरेल?