मदत हवी आहे: पर्लच्या आठ चिन्हांच्या बेरजेला देवनागरी आकडे कसे वाचायला लावू?

नमस्कार मंडळी,

गेले काही महिने पर्ल गोल्फचा नाद लागलाय, म्हणजे दिलेलं काम कमीत कमी चिन्हांत करून दाखवायचं. पर्ल ही प्रोग्रामिंग भाषा १९८७ची, लॅरी वॉलची. पण या खेळामुळे तिचे जे कोपरे दिसतात ते एरवी वर्षानुवर्षं वापरूनही दिसले नसते.

ओळीला एक आकडा अशी फाइल आहे, सगळ्यांची बेरीज हवी. पर्ल चालवताना पी आणि ई हे स्विच (आज्ञेला जोडायचे पर्याय, ई म्हणजे कोड तिथेच लिहायची सोय) देऊन पुढे एवढंच लिहायचं:

$\+=$_}{

यातली गंमत आधी सांगतो, कारण अडचण तिच्याशीच जोडलेली आहे. पी स्विच आपल्या कोडभोवती एक लूप गुंडाळतो. लूप एकेक ओळ $_ या व्हेरिएबलमध्ये घेतं आणि प्रत्येक फेरीअखेर ती छापतं. हे गुंडाळणं म्हणजे मागेपुढे नुसता मजकूर चिकटवणं. त्यामुळे आपले ते उलटे महिरपी कंस लूप मध्येच बंद करतात आणि नवा ब्लॉक उघडतात. छापायची आज्ञा त्या नव्या ब्लॉकला चिकटते आणि एकदाच चालते. तोवर ओळी संपलेल्या, $_ रिकामं. पण पर्ल काहीही छापलं की त्याच्या शेपटीला $\ या व्हेरिएबलमधलं जे असेल ते जोडतं, आणि बेरीज आपण तिथेच साठवत आलोय! हे पहिल्यांदा उमगलं त्या रात्री मला झोप आली नाही.

आता अडचण. माझ्या फाइलमध्ये आकडे देवनागरीत आहेत. उत्तर आलं ०. एरर नाही, काही नाही. मग बेरजेच्या आधी अक्षरं बदलणारी वाय ही आज्ञा घातली (टीआरचंच छोटं नाव, सेड हे मजकूर बदलायचं साधन वापरणाऱ्यांच्या सवयीसाठी ठेवलेलं). डावीकडे ०-९ देवनागरीत, उजवीकडे तेच इंग्रजी आकड्यांत. तपासायला दोनच ओळी ठेवल्या, १ आणि २. उत्तर ३ यायला हवं, आलं २७.

हे २७ आलं कुठून? आणि दुरुस्ती शक्य तितकी छोटी हवी आहे. मॉड्यूल घालून पाच ओळींत करता येईल, पण मग खेळ कसला?

प्रतिसाद १

२७ बरोबरच आहे, फक्त तुम्ही अक्षरं मोजताय आणि पर्ल बाइट मोजतंय. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) प्रत्येक देवनागरी अंक तीन बाइटांचा: आधी २२४, मग १६५, आणि तिसरा १६६ ते १७५. तुमचं ०-९ पर्लला असं दिसलं: २२४, १६५, मग १६६ पासून २२४ पर्यंतची रांग, आणि उरलेले दोन. या यादीत २२४चा नंबर पहिला म्हणून त्याचा झाला ०, १६५चा झाला १, १६६चा २, १६७चा ३. म्हणजे १ या अंकाचं झालं ०१३ आणि २चं ०१४. तेरा आणि चौदा सत्तावीस.

उपाय: एम स्विचने यूटीएफ८ प्राग्मा, म्हणजे पर्लला दिलेली सूचना, द्या (कोड अक्षरांत वाचला जाईल) आणि सी-एस-डी हा स्विच द्या (इनपुटही अक्षरांत येईल). दोन्ही लागतील. यातलं एकच दिलंत तर काहीच जुळणार नाही आणि पुन्हा ० येईल. कोड तुमचाच राहू द्या, एकोणीस चिन्हं.

प्रतिसाद २

स्विच मोजायचे नसतील तर बाइटांशीच खेळा. वायच्या डावीकडे आधी १६६ ते १७५ची रांग, त्यानंतर २२४ आणि १६५, उजवीकडे इंग्रजी शून्य ते नऊ, शेवटी डी. ज्यांना जोडीदार नाही ते बाइट डीमुळे गळून पडतात. बाइट ऑक्टलमध्ये (आठ हा पाया असलेल्या आकड्यांत) लिहा: २४६, २५७, ३४०, २४५, प्रत्येकाआधी \ देऊन. फाइलमध्ये नुसते आकडेच असतील तरच हे वापरा. ‘द’ या अक्षराचा तिसरा बाइटही १६६च आहे, त्याची माती होईल.

आणि कळकळीने सांगतो, खऱ्या हिशेबाच्या फाइलवर आधी डब्ल्यू स्विच (संशयास्पद गोष्टींचे इशारे देणारा) लावून पाहा. काही आकडे इंग्रजीत, काही देवनागरीत असले तर मूळ आठ चिन्हं फक्त इंग्रजी आकड्यांची बेरीज देतात आणि ती खरी वाटते. डब्ल्यूमुळे न वाचलेल्या ओळीचा क्रमांक कळतो. रेगेक्समधल्या (मजकुरात नमुना शोधायच्या खुणांमधल्या) ‘कुठलाही अंक’वर विसंबू नका. अक्षरांत वाचलेल्या मजकुरात ते देवनागरी अंकाशी जुळतं, बेरजेला मात्र तो अंक कळत नाही.

धागाकर्ता

दोन्ही करून पाहिलं, दोन्हीकडे ३ आले. मनापासून आभार! डब्ल्यूने माझ्या मोठ्या फाइलमध्ये तीन ओळी दाखवल्या, त्यांत आकड्याआधी न दिसणारं झिरो विड्थ जॉइनर बसलं होतं. आता तेही त्याच वायमध्ये गाळता येतं का बघतोय. बाइटांच्या पद्धतीत त्याचे २२६, १२८ आणि १४१ हे तीन बाइट डावीकडच्या यादीच्या शेवटी जोडले की पुरेल ना?