हौशी गिटारवाल्यांनी इलेक्ट्रॉनिक गिअर कधी घ्यावं? माझं मत: आधी हात, मग खोकी

सहा_तारा
कोल्हापुरात हौशी गिटारवाले वाढलेत याचा मनापासून आनंद आहे. पण चारजण जमले की बोलणं सुरू होतं ते मल्टिइफेक्ट (अनेक इफेक्ट एकाच खोक्यात) कुठला, इंटरफेस (गिटार कॉम्प्युटरला जोडणारं खोकं) कुठला, सिंथ (इलेक्ट्रॉनिक सूर काढणारं वाद्य) घ्यावा का, यावरच. एफ कॉर्डचा बार (एकाच बोटानं सगळ्या तारा दाबणं) धरताना पहिली तार बसकी वाजते, त्यावर कुणी बोलत नाही. पहिली दोन वर्षं नुसता हात तयार करावा, तोवर इलेक्ट्रॉनिक खोक्यावर एक रुपया घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण तांत्रिक आहे. ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाटका करणारं पेडल, त्याचं सर्किट सिग्नलचे शेंडे छाटतं. जोराचा स्ट्रोक कापला जातो, हलका वर येतो, आणि दोन्ही जवळपास सारख्याच आवाजात बाहेर पडतात. उजवा हात कमीजास्त पडतोय हे कानाला कळतच नाही. वर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, चढवला की सुरांमधल्या फटीही बुजतात. चूक ऐकूच आली नाही तर ती सुधारणार कोण? अल्लादियाखाँसाहेब ज्या गावात दरबार गायक होते, तिथं आधी पलटे मग बंदिश हे नव्यानं सांगावं लागू नये.

उद्यमनगरी
दादा, शेंडे छाटतंय हे खरं, पण अर्धंच सांगितलंसा. गेन (सिग्नलचा जोर) वाढवला की हलका स्ट्रोक वर येतोय, तसा न वाजवलेली तार थरथरल्याचा, बोट घासल्याचा आवाजबी वर येतोय. अकूस्टिकवर जे खपून जातंय ते डिस्टॉर्शनवर अजिबात खपत नाही. शेजारच्या तारा डाव्या बोटांनी गप ठेवायच्या, खर्जाच्या तारांवर उजवा तळवा टेकवायचा, हे मला पेडलनंच शिकवलं. फुल गेनवर पूर्ण मेजर कॉर्ड मारून बघा, गंधार कसा गढूळ होतोय ते. म्हणून तर रॉकवाले षड्ज-पंचमावर भागवत्यात.

दुसरं. मी दिवसा मोटार वाइंडिंग करतोय आणि रात्री पेडल सोल्डर करतोय. ट्यूब स्क्रीमर या ओव्हरड्राइव्ह पेडलच्या सर्किटात सिग्नल वाढवणारी ४५५८ ही आयसी असती आणि तिच्या फीडबॅकमध्ये उलटसुलट लावलेले डायोड. सिलिकॉन डायोड ०.६ व्होल्टच्या आसपास कापायला लागतोय. त्या जागी एलईडी लावला की दीड-दोन व्होल्टापर्यंत सिग्नल मोकळा जातोय, आवाज मोठा आणि उघडा येतोय. हे स्वतः लावून ऐकलं की कान तयार होतोय. छंद म्हणजे निस्तं वाजवणंच असतंय का?

रियाज_रोज
मी मंगळवार पेठेत मुलांना गिटार शिकवते. सहा_तारा, तुमची कळकळ समजते. मुलं हप्त्यावर मल्टिइफेक्ट घेऊन येतात आणि गिटारच्या तारा मात्र गंजलेल्या असतात. इथल्या पावसाळ्यात स्टीलच्या तारा लवकर जातात, दमट हवेनं लाकूड फुगतं, नेक (दांडी) हलते, ॲक्शन (तारांची दांडीपासूनची उंची) बदलते. मग बार कॉर्ड वाजत नाही आणि मूल समजतं की आपलीच बोटं कमकुवत. तारांचा नवा संच आणि चांगला सेटअप यांवर आधी खर्च करा, हे मी प्रत्येक पालकाला सांगते.

पण दोन वर्षांची अट मला मान्य नाही. तारा सुरात लावायचा क्लिप ट्यूनर इलेक्ट्रॉनिकच आहे. गाणारी मंडळी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर रियाज करतात, तेव्हा गळा बिघडेल असं कुणी म्हणत नाही. एकट्यानं नुसते स्केल घोटून कंटाळलेलं मूल सहा महिन्यांत गिटार खुंटीला टांगतं. त्याच स्केलखाली ड्रम मशीनचा ठेका लावला की तासभर जागचं हलत नाही. हे मी वर्गात रोज बघते.

समेवर
ताईंशी सहमत, आणि एक पाऊल पुढं जाऊन म्हणतो की लूपरइतका (वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा फिरवणारं पेडल) कडक मास्तर नाही. चार बार वाजवायचे आणि पेडल पुन्हा दाबायचं ते नेमकं समेवर. पाय जरा मागं पडला तर प्रत्येक आवर्तनात तीच लचक ऐकू येते. तुमचीच लय तुमच्यासमोर फिरत राहते, पळवाट नसते. त्यावर सोलो वाजवायला लागलं की कळतं, आपण अवघड जागी धावतो आणि सोप्या जागी रेंगाळतो. नुसते ठोके देणारा मेट्रोनोम एवढं दाखवत नाही.

थोडा इतिहासही बघा. १९८१ मध्ये आलेलं रोलँडचं टीबी-३०३ हे यंत्र एकट्यानं सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणूनच विकायला काढलं होतं. ते चाललं नाही, १९८४ मध्ये बंद झालं. पुढं शिकागोच्या पोरांनी जुन्या बाजारातून ती स्वस्तात उचलली आणि त्यातून ॲसिड हाउस हा नाचाच्या संगीताचा प्रकार उभा राहिला. त्याच्याही आधी, १९८२ साली, आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी हेच यंत्र, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ हा सिंथ घेऊन डिस्को ठेक्यावर दहा राग वाजवले. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणारा माणूस! तेव्हा त्या रेकॉर्डकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभर ऐकली गेली. गिटारवाल्यानं यंत्रात डोकं घातलं म्हणून हे घडलं.

सहा_तारा
चरणजित सिंग यांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. यंत्र हातात आलं तेव्हा त्यांच्यामागं स्टुडिओतली कितीतरी वर्षं होती. रागाचं चलन हातात होतं, म्हणून यंत्राकडून ते काढून घेता आलं. लूपर आणि ठेका यांना माझी हरकत नाही, ते काही झाकत नाहीत. माझा विरोध आवाज सजवणाऱ्या खोक्यांना आहे. नवशिक्यानं डिले (आवाजाचा प्रतिध्वनी), कोरस (एकाचे अनेक आवाज भासवणं), ॲम्प मॉडेल (ॲम्पची नक्कल) यांत संध्याकाळ घालवली की त्याला वाटतं सराव झाला, आणि बोटं होती तिथंच राहतात. उद्यमनगरी, तुमचा छंद मोठा आहे, पण तो वेगळा छंद आहे.

पंचगंगाकाठ
आमच्यासारख्यांचं काय? दोन खोल्यांचा फ्लॅट, रात्री दहानंतरच वेळ मिळतो, लहान बाळ झोपलेलं. इलेक्ट्रिक गिटार, इंटरफेस आणि हेडफोन नसते तर माझं वाजवणं केव्हाच सुटलं असतं. दोन वर्षं थांबा म्हणणं म्हणजे आम्हाला सोडून द्या म्हणणं.

मात्र इंटरफेस नीट लावायला शिका. ४८ किलोहर्ट्झला बफर (कॉम्प्युटर एका वेळी साठवतो तेवढे आवाजाचे नमुने) १०२४ ठेवला तर त्या एकाच टप्प्यात २१ मिलिसेकंद जातात, आवाज मागून येतो आणि हात नकळत ओढला जातो. १२८ वर आणला की तेच २.७ होतात. जाण्यायेण्याचं आणि ड्रायव्हरचं धरून थोडं वाढतं, पण तीन मीटरवर ठेवलेल्या ॲम्पचा आवाजही कानाशी पोचायला सुमारे ९ मिलिसेकंद घेतोच. तेवढं हाताला चालतं. माझी अडचण वेगळी आहे: सतत घूंऽऽ आवाज येतो.

उद्यमनगरी
सिंगल कॉइल पिकअप (तारांचा आवाज पकडणारं एकाच वेटोळ्याचं यंत्र) असंल तर ५० हर्ट्झची घरघर पकडणारच. ट्रान्सफॉर्मर, चार्जर, जुनी ट्यूबलाइट यांच्यापासून लांब बसा, गिटार फिरवून कुठल्या दिशेला कमी होतंय ते बघा. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असंल तर गिटारच्या आतलं शील्डिंग कमी पडतंय, आत तांब्याची पट्टी लावून घ्या. आणि वायरमन बोलवून घराचं अर्थिंग तपासा. जुन्या घरात तीन पिनांचं सॉकेट असतंय, आत अर्थची वायरच नसती. घरघर जावी म्हणून अर्थची पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका, जिवावर बेततंय.

दादा, आता बघा, वेगळा छंद म्हणतासा, पण याच्याशिवाय ह्यांचा रियाज रात्री सुरूच होत न्हाई.

रियाज_रोज
पंचगंगाकाठ, दहा मिनिटं तरी इफेक्ट बंद ठेवून, नुसत्या क्लीन आवाजात वाजवत जा. मेट्रोनोम ६० वर, एका ठोक्याला दोन सूर, वर-खाली पिकिंग. तेवढं झालं की डिले लावा. १२० च्या लयीत ३७५ मिलिसेकंद ठेवलात तर डॉटेड आठवा (पाऊण ठोक्याचं अंतर) मिळतो, आणि त्यात हात जरा चुकला की लगेच गोंधळ ऐकू येतो. सहा_तारा, हा डिले झाकतो की दाखवतो, हे तुम्ही स्वतः लावून बघा आणि इथं लिहा.