पोळी-भाजी केंद्रात दिव्यांग कामगार घ्यायचे आहेत, कामाची मांडणी कशी करावी?

पोळपाट_कोथरूड:
कोथरूडला आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. रोज साधारण 220 डबे, माणसं नऊ. आणखी दोघांना घ्यायचं ठरतंय: 24 वर्षांचा कर्णबधिर मुलगा आणि सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व असलेली 22 वर्षांची मुलगी. यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) दोघांचंही आहे. जागा अरुंद. कुणाला काय काम द्यावं? पगार-कागदपत्रांचं काय?

शेगडीपलीकडे:
मुलीबद्दल सांगतो. आधी स्वयंपाकघरातला 'अंदाज' हद्दपार करा. "भाजी बेताची भर" हे वाक्य तिच्या काहीच कामाचं नाही. "हिला जमत नाही" असं वाटतं तेव्हा बहुतेकदा सूचनेतच माप नसतं.

डबा भरायचं काम घ्या. भाजीला 150 मिलीचा एकच डाव, काठाशी सपाट केलेला. ट्रेवर ऑइलपेंटने दहा डब्यांचे गोल काढा. ट्रेगणिक वाटीत चटणीच्या दहाच पुड्या मोजून द्या. शेवटी एक पुडी उरली, तर एक डबा चटणीविना गेलाय. तो तिचा तिलाच सापडतो, ओरडावं लागत नाही. उंडे करायला द्यायचे तर आकडेवाला काटा नको, दोन पारड्यांचा तराजू घ्या: एका पारड्यात 40 ग्रॅमचं वजन, दुसऱ्यात उंडा. पारडी समान झाली की झालं.

घोळ होतो तो चतुर्थीला. उपवासाचे डबे आले की रोजची मांडणी मोडते आणि खिचडीच्या डब्यात पोळ्या जातात. उपवासाला वेगळ्या रंगाचा ट्रे ठेवा. नवं काम एका वेळी एकच, आणि सूचना देणारं माणूसही एकच. तिघीजणी तीन बाजूंनी सांगायला लागल्या की संपलं. फिट्स येतात का, हे घरच्यांना आधीच विचारा. येत असतील तर कढई आणि विळी लांब.

फोडणी_आणि_खुणा:
कर्णबधिर मुलाला भांडी घासायला बसवू नका. सगळीकडे तेच होतं, फुकट जातो माणूस. पवईच्या मिर्ची अँड माइम रेस्टॉरंटमध्ये (सुरुवात 2015) वाढपीच कर्णबधिर होते, गिऱ्हाईक मेन्यूतली खूण करून पदार्थ मागवायचं.

अरुंद जागेत खरा धोका मागून येणाऱ्या "गरम आहे, सरका!"चा. त्याला ते ऐकूच येणार नाही. नियम सर्वांना: गरम भांडं घेऊन येणाऱ्याने थांबायचं, नजरानजर झाली की पुढे. वळणावर बहिर्वक्र आरसा लावा. कुकरच्या शिट्ट्यांऐवजी मिनिटं मोजा: प्रेशर आलं की गॅस बारीक आणि हातात कंप देणारं घड्याळ. आगीच्या भोंग्याला लुकलुकणारा दिवा जोडून घ्या.

व्हॉट्सॲपवर लांबलचक मराठी मजकूर नको. खुणांची भाषा पहिली असलेल्या अनेकांना तो जड जातो, तिचं व्याकरणच निराळं आहे. "उद्या 40 डबे जास्त. सकाळी 6." एवढं बास. मास्क लावून बोललात तर ओठ दिसत नाहीत, पारदर्शक मास्क मिळतात. पहिल्या दिवशी दुभाषी बोलवा.

कढईकाका:
सुरुवातीला निम्म्या पगारावर शिकाऊ ठेवा की. वेग कमीच असणार.

हिशोबाची_वही:
काका, असं परस्पर करता येत नाही. हात हळू चालतो म्हणून किमान वेतनाच्या खाली जायचं नाही.

बाकी कागद: 40 टक्के किंवा जास्त कायमचं दिव्यांगत्व असलेल्यांना महाराष्ट्रात व्यवसाय कर माफ आहे, प्रमाणपत्राची प्रत फायलीला लावा आणि कापू नका. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल तर महिन्याच्या पगाराची मर्यादा इतरांना 21,000, दिव्यांगांना 25,000. एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षा प्राधिकरण) वार्षिक वैद्यकीय प्रमाणपत्र सगळ्यांसारखंच. तपासणी संसर्ग, त्वचा वगैरेंची असते, ऐकू न येणं आड येत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली संपर्क अधिकारी (दिव्यांगांची भरती आणि सोयी बघणारा) नेमायची सक्ती 20 माणसांपासून, तुमची अकराच होतात.

पोळपाट_कोथरूड:
आभार. मुलीला थेट सकाळच्या गर्दीत आणावं का?

शेगडीपलीकडे:
नको. पहिले पंधरा दिवस दुपारी 2 नंतर, रिकाम्या डब्यांवर. बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या, गोखलेनगरच्या कामायनीसारख्या संस्थेच्या कार्यशाळेत शिकली असेल, तर तिथल्या शिक्षिकेला एकदा तुमचा ओटा बघायला बोलवा. काय कुठे ठेवायचं ते त्या बरोबर सांगतील. मग सकाळी एक ट्रे, जमला की दुसरा.