बेघरांचा अभ्यास: आधी मोजणी की आधी मुलाखती?

भटकी_वही (धागा सुरू करणारे)

मुंबईतल्या बेघरांबद्दल काही ठरवायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "आकडा किती?" २०११च्या जनगणनेत देशभरात १७.७३ लाख बेघर नोंदले गेले, बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार. ही नोंद २८ फेब्रुवारी २०११ या एका रात्रीची. पावसाळ्यात तीच माणसं कुठे असतात, हे ती रात्र सांगू शकत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: आधी निरीक्षण आणि मुलाखती, मोजणी त्यानंतर. नाहीतर कोणाला मोजायचं हे टेबलावरच ठरून जातं. हॉटेलच्या भटारखान्यात झोपणारा पोऱ्या, टॅक्सीतच रात्र काढणारा चालक, परळला टाटा रुग्णालयाबाहेर उपचार संपेपर्यंत फूटपाथवर मुक्काम करणारं कुटुंब, ही सगळी बेघर धरायची की नाही?

पहिले दोन आठवडे फॉर्म नको, रेकॉर्डर नको. एकाच जागी पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ६ आणि रात्री ११ अशा चार वेळा जावं. पाणी कुठून येतं, शौचालयाचे पैसे किती, दिवसा सामान कोणाकडे ठेवतात, पोलीस किंवा पालिकेची गाडी कधी येते, हे वहीत उतरवावं. मग मुलाखत. "बेघर का झालात?" हा प्रश्न सुरुवातीला अजिबात विचारू नये. संस्थांच्या कार्यकर्त्यांना देऊन देऊन घोटलेलं उत्तर मिळतं. काल रात्री कुठे झोपलात, परवा कुठे, गेल्या पावसात कुठे, लॉकडाऊनमध्ये कुठे, २६ जुलैच्या पुरात कुठे, असं मागे मागे जावं. वर्षं लक्षात राहत नाहीत, प्रसंग राहतात. तासाभरात मुक्कामांची अख्खी साखळी कागदावर येते आणि कारणं त्या साखळीतच सापडतात.

मोजपट्टी

मला हे पटत नाही. मुलाखतींतून कारणं कळतील, त्या कारणांचा वाटा कळणार नाही. झोपडी तुटल्यामुळे किती जण रस्त्यावर आले, घरातल्या मारहाणीमुळे किती आणि कामासाठी किती, हे माहीत नसताना पैसे कशावर खर्च करणार? अंदाजपत्रकात "बऱ्याच जणांना" असं लिहून चालत नाही.

दुसरं, २००१मध्ये देशातले बेघर १९.४३ लाख होते, म्हणजे दहा वर्षांत एकूण संख्या घटली. पण शहरांतले बेघर ७.७८ लाखांवरून ९.३८ लाखांवर गेले. गावांत घट आणि शहरांत वाढ हा उलटा कल कुठल्याही मुलाखतीतून दिसला नसता.

आणि तुमचा नमुना, म्हणजे मुलाखतीसाठी निवडलेली माणसं? निवारा केंद्रातून सुरुवात करायची आणि "ओळखीचं आणखी कोणी आहे का?" विचारत पुढे जायचं, ही बहुतेकांची पद्धत. ही ओळखींची साखळी एकाच गोतावळ्यात फिरत राहते. मानसिक आजार असलेला एकटा पुरुष, इथली भाषा न येणारी बाई, नशेत पडलेला तरुण, यांना कोणी ओळखतच नाही, त्यामुळे ते साखळीत येत नाहीत. ज्यांची अवस्था सर्वांत वाईट, नेमके तेच गळतात.

मोजणीला कमी लेखू नका. १९८५ साली 'स्पार्क' या संस्थेने भायखळ्याच्या ई वॉर्डात सुमारे ६ हजार फूटपाथवासी कुटुंबांची गणना केली. त्या आकड्यामुळे ही माणसं पालिकेच्या कागदावर आली.

भटकी_वही

ओळखींच्या साखळीबद्दलचा आक्षेप रास्त आहे, म्हणूनच नमुना ओळखीवर न घेता जागा आणि वेळ यांवर घ्यावा. एक तक्ता आखा. आडव्या ओळींत फूटपाथ, स्टेशन-पुलाखाली, रुग्णालयाचा परिसर, कामाच्या जागी झोपणारे. उभ्या रकान्यांत एकटा पुरुष, एकटी बाई, कुटुंब, वृद्ध. सोळा चौकटी होतात, प्रत्येकी तीन मुलाखती धरल्या तर ४८. एखादी चौकट रिकामी राहिली तर ती भरायला दुसरीकडून माणूस आणू नये, रिकामी का राहिली ते लिहावं. रात्री स्टेशनवर एकटी बाई दिसत नसेल तर ती कुठे जाते, हाच पुढचा प्रश्न.

"बारा मुलाखती पुरतात" असं सर्रास सांगितलं जातं, त्यापासून सावध राहा. तो निष्कर्ष २००६च्या एका लेखातला. घाना आणि नायजेरियातल्या, बऱ्याचशा सारख्या परिस्थितीतल्या ६० स्त्रियांच्या मुलाखतींवर तो बेतला होता आणि प्रश्नही एकाच विषयावरचे होते. चार प्रकारच्या जागा आणि चार प्रकारची माणसं असताना बारावर थांबलात तर पाऊण तक्ता कोरा राहील.

आता पैशांचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली अन्न अधिकाराच्या खटल्यात मोठ्या शहरांसाठी दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा असं ठरवून दिलं. २०११च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १.२४ कोटी, म्हणजे १२४ निवारे. या हिशेबात बेघरांचा आकडा येतो कुठे? तो गुणाकार एकूण लोकसंख्येवर आहे. प्रश्न पुढे सुरू होतो: निवारा बांधूनही खाटा रिकाम्या का? याची उत्तरं मुलाखतीत मिळतात. पुरुषांचा निवारा वेगळा आणि बायकांचा वेगळा, म्हणून कुटुंब तुटतं. भंगाराची हातगाडी आत घेत नाहीत. रोजंदारीचं काम मिळतं तो नाका दोन स्टेशनं लांब पडतो. रात्री बाराला कॅटरिंगचं काम सुटणाऱ्याला दार बंद मिळतं.

मोजपट्टी

तुमचाच हिशेब पुढे नेतो. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषानुसार दर लाखामागे १०० जणांची सोय, माणशी ५० चौरस फूट. मुंबईत ती १२,४०० जणांची होते. बेघर ५७ हजार. सुमारे साडेचव्वेचाळीस हजारांची ही तूट आकड्यानेच दिसली. निकष लोकसंख्येवर बेतलाय म्हणून आकडा निरुपयोगी ठरत नाही, निकष किती तोकडा आहे हे दाखवायला तो हवाच.

तिसरा_मजला

चर्चा फूटपाथपुरतीच राहिली आहे. ज्यांना झोपडपट्टी पुनर्वसनात खोली मिळाली त्यांचाही अभ्यास करायचा असतो, आणि तिथे प्रश्नावली सपशेल फसते. "घराबद्दल समाधानी आहात का?" याला "हो"च येतं. विचारणारा प्राधिकरणाचा माणूस असेल आणि तक्रार केली तर खोली अडचणीत येईल, ही भीती असते. शिवाय तुलना जुन्या झोपडीशी होते.

त्यापेक्षा खोलीचा चोवीस तासांचा नकाशा काढून घ्यावा. २२५ चौरस फुटांच्या खोलीत (नंतर २६९, आता ३००) सकाळी ६ला कोण कुठे असतं, शिलाई मशीन कुठे, रात्रपाळीवरून आलेला मुलगा दिवसा कुठे झोपतो, पाहुणा आला की कोण बाहेर पडतं. मग देखभालीची बिलं आणि लिफ्ट बंद असलेले दिवस विचारावेत. बाईची मुलाखत घरातल्या पुरुषासमोर घेऊ नये; पाणी भरायच्या किंवा पापड लाटायच्या वेळी बसावं.

सर्वांत मोठी चूक नमुन्यात होते. इमारत उभी राहिल्यावर अभ्यास केला की फक्त पात्र लोक भेटतात. परिशिष्ट-दोनमध्ये, म्हणजे पात्र झोपडीधारकांच्या यादीत, ज्यांचं नाव नाही ते आणि भाडेकरू तोवर पांगलेले असतात. त्यांना शोधायचं तर तोडकामाच्या आधीच प्रत्येकाकडून दोन नातेवाइकांचे नंबर आणि उधारी चालते त्या किराणा दुकानाचं नाव घ्यावं, आणि दर तीन महिन्यांनी फोन करावा. नंबर बदलतात, उधारीचं दुकान सहसा बदलत नाही.

मोजपट्टींचा मुद्दा इथे अर्धा मान्य. मानखुर्द-गोवंडीकडच्या लल्लुभाई आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये, तसंच वाशी नाक्याला, इमारतींमधलं अंतर, उजेड-हवा आणि क्षयरोग यांचा संबंध अभ्यासला गेला. ते काम मोजमापाशिवाय झालंच नसतं. पण खिडकी असून ती दिवसभर बंद का ठेवतात, हे दार ठोठावून विचारावं लागतं.

पूर्वा_नि

माझा विरोध दोघांनाही आहे.

भटकी_वही, दोन आठवडे चार-चार वेळा जाऊन लोकांचं उठणं-झोपणं वहीत लिहायचं आणि संमती नंतर मागायची? ज्याला दार नाही त्याचं खाजगी आयुष्य उघड्यावर आहे, म्हणून ते टिपायचा हक्क मिळत नाही. पहिल्याच दिवशी कोण आहोत, कशासाठी आलोत, हे त्या जागेवरच्या लोकांना सांगायला हवं.

मोजपट्टी, महाराष्ट्रात १९५९चा भीक प्रतिबंधक कायदा लागू आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली त्यातली बरीच कलमं रद्द केली ती दिल्लीपुरती. कुठल्या पुलाखाली किती जण झोपतात याचा नेमका नकाशा धरपकडीची यादी होऊ शकतो. प्रसिद्ध करताना वॉर्डापर्यंतच थांबा. फोटोतली स्थाननोंद काढून टाका.

अंगठा किंवा सही मागू नये, कागदावर अंगठा म्हटलं की माणूस उठून जातो. तोंडी संमती घ्यावी आणि ती रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच असावी. नाका कामगाराला सकाळी ८ ते १०मध्ये बसवलं तर त्याचा रोज बुडतो. दुपारनंतर, काम न मिळालेल्या दिवशी भेटावं. वेळेचे पैसे सर्वांना सारखे द्यावेत आणि मुलाखत अर्ध्यावर सोडली तरी द्यावेत.

भटकी_वही

संमतीचा मुद्दा मान्य, पहिल्या दिवशीच ओळख द्यायला हवी. पैशांबाबत माझं मत वेगळं आहे. एकाला दिले की संध्याकाळपर्यंत रांग लागते आणि लोक हवी तशी उत्तरं देऊ लागतात. त्याऐवजी कागदपत्रांच्या कामात मदत करावी, रेशन कार्डाचा अर्ज, बँक खातं.

पूर्वा_नि

म्हणजे मध्यमवर्गीयाच्या वेळेला मानधन आणि फूटपाथवरच्या माणसाला अर्ज भरून देणार? रांग लागते कारण निवड कशी केली हे सांगितलेलं नसतं. तुमचा तक्ता लोकांना दाखवा, रांग लागणार नाही.

मोजपट्टी

विश्लेषणावर कोणीच बोललं नाही आणि घोळ तिथेच होतो. रस्त्यावरच्या तासाभराच्या रेकॉर्डिंगला टंकलेखनाचे पाच-सहा तास लागतात, कारण मागे बस आणि लोकल. वेळ वाचवायला लोक थेट इंग्रजीत उतरवतात आणि पारधी किंवा कानडी मिसळलेलं बोलणं सपाट होऊन जातं. मूळ भाषेत उतरवा. पहिल्या पाच मुलाखतींना दोघांनी स्वतंत्रपणे कोड, म्हणजे कुठलं बोलणं कशाबद्दल याची लेबलं, लावावेत, फरक पडेल तिथे व्याख्या दुरुस्त करावी, मगच पुढे जावं. आणि स्वतःच्या निष्कर्षाला छेद देणारी मुलाखत मुद्दाम शोधावी. अहवालात चटका लावणारे उतारे तेवढे छापतात, ते ४८पैकी किती जणांच्या बोलण्यात आलं हे लिहीत नाहीत. "बऱ्याच जणांनी" ऐवजी "४८पैकी १९ जणांनी" लिहायला काय हरकत?

भटकी_वही

हरकत आहे. ४८ जण शहराचे प्रतिनिधी म्हणून निवडलेले नसतात. १९ लिहिलं की वाचणारा लगेच चाळीस टक्के करतो आणि तो आकडा बातमीत जातो. कोणत्या चौकटीतून हे आलं ते मी लिहीन: स्टेशनवरच्या एकट्या पुरुषांनी सांगितलं, कुटुंबांनी सांगितलं नाही.

मोजपट्टी

चौकट लिहा आणि तिच्यासमोर संख्याही लिहा, तीनपैकी तीन की तीनपैकी एक. तीनचे टक्के कोणी काढत नाही.