मदत हवी आहे: आईसाठी शुश्रूषा केंद्र, सोमवारपर्यंत ठरवायचं आहे

घाईतली_मी
आईचं खुब्याच्या फ्रॅक्चरचं ऑपरेशन झालंय, सोमवारी डिस्चार्ज म्हणतायत. घरी ठेवणं शक्य नाही, कारणं लिहीत बसत नाही. दोन केंद्रं पाहिली. एक मोठं, चकाचक, पण डिपॉझिट भरलं तरच खोली राखून ठेवणार. दुसरं लहान, बंगल्यातलं, महिन्याच्या महिन्याला पैसे. कोणतं घ्यावं? अनुभव असलेल्यांनीच लिहा. घरी का ठेवत नाही हे कृपया विचारू नका.

जुनी_खोड
घरी का ठेवत नाही? आमच्या वडिलांना आम्ही शेवटपर्यंत घरीच ठेवलं. दोन पाळ्यांना दोन बाया, भाड्याचा बेड, हवेची गादी. कसलीही अडचण आली नाही.

तळटीप
@जुनी_खोड, बाई आली नाही त्या दिवशी कोण करायचं? तुम्ही की वहिनी?

जुनी_खोड
वैयक्तिक होऊ नका. घरात सगळे मिळून करतात.

तळटीप
म्हणजे वहिनी.

कोरडा_पाऊस
धागाकर्तीला विनंती, जरा नीट माहिती द्या. वय किती? उभ्या राहतात की कूसही दुसऱ्याने बदलावी लागते? लघवीची नळी आहे? गिळताना ठसका लागतो? चालत्याफिरत्या माणसाचा वृद्धाश्रम वेगळा आणि अंथरुणातल्या पेशंटची शुश्रूषा वेगळी. 'कोणतं घेऊ' एवढ्यावर कोण काय सांगणार?

घाईतली_मी
वय ८१. दोघांनी धरलं की वॉकर घेऊन पलंगापासून खुर्चीपर्यंत जाते. लघवीची नळी आहे. जेवते तोंडाने. आता सांगा, मोठं की लहान?

मोगरा_पांढरा
मोठं-लहान बघूच नका. संध्याकाळी जेवणं झाल्यावर, न कळवता जा. सकाळी अकराला सगळीच केंद्रं छान दिसतात. रात्री किती पेशंटमागे किती माणसं, त्यातल्या प्रशिक्षित नर्स किती आणि नुसते मदतनीस किती, हे आकड्यात विचारा. आणि पलंगाजवळची घंटी स्वतः दाबून बघा. माझ्या मावशीला ठेवलं होतं तिथे घंटीची वायर गुंडाळून पलंगामागच्या खिळ्याला लटकवली होती. विचारलं तर म्हणे, "आजी सारखी वाजवतात."

न कळवता येऊ देत नसतील तर तेच उत्तर समजा.

हिशेबी
करार सही करण्याआधी घरी आणून वाचा. मधेच हॉस्पिटलात हलवावं लागलं तर खोलीचं भाडं चालू राहतं का? डिपॉझिट किती दिवसांत परत, आणि कशाकशाची कपात होते? डायपर, ड्रेसिंग, फिजिओ, डॉक्टरांची फेरी दरात धरलीय की वर? सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रकृती खालावली, उद्या नाकातून नळी घालावी लागली, तर ठेवणार की "घेऊन जा" म्हणणार? तोंडी उत्तर धरू नका. आणि सही कोण करणार? बिल थकलं तर सही करणाऱ्यालाच पकडतात.

घाईतली_मी
सही भाऊ करेल, तो परदेशात असतो. त्याला मोठंच हवंय. त्यांचा दर जास्त आहे कारण ते आईला डिमेन्शियाच्या मजल्यावर ठेवणार, तो कुलूपबंद असतो.

कोरडा_पाऊस
डिमेन्शिया?! हे आत्ता सांगताय? कोणी निदान केलं? कधीपासून?

घाईतली_मी
निदान असं नाही, केंद्रवाल्यांनी हॉस्पिटलात येऊन पाहिलं. ऑपरेशननंतरच सुरू झालंय. पडली त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत स्वतःचं पासबुक स्वतः बघत होती. आता रात्री सलाईन ओढते, मला स्वतःची बहीण समजून "ताई" म्हणते. दुपारी मधेच एकदम बरी असते.

रात्रपाळी
मी नर्स आहे. डिपॉझिट भरू नका, आधी हे वाचा.

आदल्या दिवशीपर्यंत पासबुक बघणारी बाई ऑपरेशननंतर अचानक भरकटते, दिवसात कमीजास्त होते, रात्री वाढतं. हे डिलिरियमसारखं वाटतंय, म्हणजे आजारपणात अचानक येणारा डोक्याचा गोंधळ. खुब्याच्या ऑपरेशननंतर वयस्कर माणसांत हे खूप दिसतं. डिमेन्शिया असा रातोरात येत नाही, त्याला महिने-वर्षं लागतात. आधीपासून थोडा असू शकतो, पण ते आज ठरवता येणार नाही. डिलिरियम ओसरतं, कधी चार दिवसांत, कधी काही आठवड्यांत, काहींना आणखी जास्त वेळ लागतो.

डॉक्टरांना सरळ विचारा: लघवीत जंतुसंसर्ग आहे का, नळी अजून कशाला ठेवलीय, पोट साफ होतंय का, दुखणं पुरेसं आटोक्यात आहे का, झोपेची गोळी चालू आहे का. यातलं काहीही डोकं फिरवतं. चष्मा, श्रवणयंत्र वापरतात का त्या?

घाईतली_मी
दोन्ही. यंत्र घरी ड्रॉवरमध्ये ठेवलंय, इथे हरवेल म्हणून. चष्मा माझ्या पर्समध्ये.

रात्रपाळी
मग त्यांना धड दिसत नाही, ऐकू येत नाही. आजच लावा. डबीवर नाव लिहून उशाशी ठेवा, बॅटरी तपासा.

जुनी_खोड
हवेची गादी मात्र घ्याच. कूस बदलायची कटकटच राहत नाही.

रात्रपाळी
चूक. हवेच्या गादीवरही कूस बदलावी लागतेच, साधारण दर दोन तासांनी, पेशंट बघून थोडं कमीजास्त. माकडहाड आणि टाचा रोज बघायच्या. लाल डाग दाबूनही पांढरा होत नसेल तर जखमेची सुरुवात झालीय. केंद्रात कूस बदलल्याची वही दाखवायला सांगा. सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एका दमात लिहिलेल्या दिसल्या तर समजून जा.

जुनी_खोड
आमच्या वडिलांना काही झालं नव्हतं.

तळटीप
वहिनी कूस बदलत असणार.

दूरचा_भाऊ
अवांतर: परदेशातल्या भावांना धाग्यावर नेहमी खलनायक करतात. मीही तिकडेच असतो. आम्ही फोटो आणि दर एवढंच बघू शकतो, म्हणून चकाचक निवडतो. त्याला व्हिडिओ कॉलवर संध्याकाळची फेरी दाखवा.

घाईतली_मी
नळी आज काढली, लघवी तपासायला दिलीय. यंत्र लावल्यावर मी अजून "ताई"च आहे, पण सिस्टर काय म्हणतात ते तिला कळतंय, सलाईनला हात लावला नाही. काल रात्री लहान केंद्रात न सांगता गेले. दहा पेशंट, एक नर्स, दोन मदतनीस. घंटी चालते. पण ते म्हणाले, रात्री उठायला लागल्या तर पलंगाचे कठडे वर करून हात बांधू. हे चालतं का?

रात्रपाळी
नाही. कठड्यावरून चढायला गेलेलं माणूस जास्त उंचावरून पडतं, आणि बांधलं की घाबरून गोंधळ वाढतो. पलंग खाली करता येतो का, रात्री मंद दिवा ठेवतात का, ठरावीक वेळेला बाथरूमला नेतात का, ते विचारा. त्या बहुतेक त्यासाठीच उठत असतील. 'बांधणार नाही, गरज वाटली तर आधी फोन करू' हे लिहून घ्या. दिलं तर महिनाभर ठेवा, रोज फिजिओ होतोय का बघा, मग पुढचं ठरवा.

हिशेबी
आणि डिस्चार्ज कार्डाबरोबर औषधांची ताजी यादी घ्या. रक्त पातळ करायचं इंजेक्शन किंवा गोळी चालू असेल तर कधीपर्यंत, ते तारखेसकट लिहून घ्या. जागा बदलताना नेमकं तेच सुटतं.

घाईतली_मी
लहान केंद्रवाल्यांनी बांधणार नाही असं लिहून द्यायचं कबूल केलंय. भाऊ अजून मोठ्याच केंद्राचं म्हणतोय, आज त्याला फेरी दाखवते.

जुनी_खोड
आमची हवेची गादी पडून आहे, पंपासकट. पैसे नकोत. हवी असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

तळटीप
@जुनी_खोड, वहिनींना विचारलंत का?