मुक्कामाच्या हॉटेलात ईव्ही चार्जिंग असायलाच हवं, तुमचं मत काय?

पौडरोडकर

पुण्याच्या आसपास मुक्कामाला जायचं ठरलं की बुकिंगआधी मी एक प्रश्न हमखास विचारतो: माझी ईव्ही, म्हणजे विजेवरची गाडी, रात्रभर चार्जिंगला लावता येईल का? उत्तरं ठरलेली. "या तर खरं, आल्यावर बघू", "मालकांना विचारावं लागेल", नाहीतर "अजून कोणी विचारलं नाही". मुळशी, पानशेत, भोर, महाबळेश्वर, सगळीकडे तेच.

जिथे पाहुणा रात्री राहतो, तिथे गाडी चार्ज करायची सोय असायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. खोली घेताना गरम पाणी जसं आपण धरूनच चालतो, तसं. त्यासाठी लाखोंचा फास्ट चार्जर लागत नाही. साध्या १५ अँपियरच्या सॉकेटवर गाडी तासाला अडीच-तीन युनिट घेते. रात्री नऊला लावली तर सकाळी सातपर्यंत २५ ते ३० युनिट झाली. टाटाच्या टियागो ईव्हीची मोठी बॅटरी २४ युनिटची, सुरुवातीच्या नेक्सॉन ईव्हीची ३०.२ ची. पाहुणा झोपलेला असतानाच काम होतं.

पुणे ते महाबळेश्वर साधारण १२० किलोमीटर. वाईच्या पुढे पसरणीचा घाट चढताना बॅटरी भराभर उतरते. लहान बॅटरीवाल्याला वर सॉकेट मिळाला तर तो निर्धास्त परत येतो, नाहीतर दुसऱ्या दिवशीचं फिरणं सोडून चार्जर शोधत बसतो.

परवान्याची सबब मात्र कोणी सांगू नये. गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, त्यामुळे २००३ च्या वीज कायद्याखाली परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलंय. आणि फुकट कोण मागतंय? सबमीटर लावा, वीजबिलातले सगळे आकार धरून तुम्हाला युनिट जेवढ्याला पडतं त्यावर चार-पाच रुपये घ्या. मी आनंदाने देईन.

थाळीवाला

तुम्ही मुक्कामाचं बोलताय, पण लोक "हॉटेल" म्हटलं की आमच्याकडेही बोट दाखवतात, म्हणून लिहितो. कर्वे रोडला माझं थाळीचं हॉटेल आहे. समोर जेमतेम तीन चारचाकी उभ्या राहतात. गिऱ्हाईक पाऊण तास बसतं. तुमच्याच हिशेबाने त्यात दोन युनिट, म्हणजे बारा-पंधरा किलोमीटर. तेवढ्यासाठी तीनातली एक जागा अडवून ठेवू? रविवारी दुपारी बाहेर रांग लागलेली असते. जेवून झालेला माणूस "अजून थोडी चार्ज होऊ द्या" म्हणून गाडी तिथेच ठेवून लक्ष्मी रोडला खरेदीला गेला, तर मी काय करायचं?

दुसरी गोष्ट मंजूर भाराची, म्हणजे वीज कंपनीने एका वेळी जास्तीत जास्त जेवढी वीज ओढायला मंजुरी दिलीय तिची. माझा १९ किलोवॅट आहे. डीप फ्रीझर, ग्राइंडर, एसी, एक्झॉस्ट, सगळं त्यात बसवताना नाकी नऊ येतात. ७.२ किलोवॅटचा एक चार्जर लावला की २० ची हद्द ओलांडली. मग व्यावसायिक दराचा पुढचा टप्पा लागतो, स्थिर आकाराची पद्धत बदलते, आणि हे सगळं वर्षाचे बारा महिने, चार्जिंगला एकही गाडी आली नाही तरी. फास्ट चार्जरचं तर नावच नको. सगळ्यात लहान २५-३० किलोवॅटचं मशीनही माझ्या अख्ख्या हॉटेलपेक्षा जास्त वीज ओढतं.

पौडरोडकर

थाळीवाले, शहरातल्या जेवणाच्या हॉटेलांबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण पटतं. तिथे सक्ती नकोच. हायवेवर मात्र गणित वेगळं आहे. खेड शिवापूर किंवा खंडाळ्याच्या बाजूला माणूस पाऊण तास थांबला आणि ३० किलोवॅटचा चार्जर असला, तर वीसेक युनिट मिळतात, शंभर-सव्वाशे किलोमीटर निघतात. तिथे चार्जिंग कंपनी स्वतःचं वेगळं कनेक्शन घेते, त्याला महावितरणची वेगळी वर्गवारी आहे, मालक जागा देतो आणि भाडं घेतो. त्याच्या मंजूर भाराला धक्काही लागत नाही.

मावळमुळशी

आमचं सहा खोल्यांचं कृषिपर्यटन आहे. "असायलाच हवं" म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या बाजूनेही बघावं.

दोन वर्षांपूर्वी एक कुटुंब आलं. आम्ही नको नको म्हणत असताना त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड बाहेर ओढला आणि गाडी लावली. आमच्या मावशी पहाटे चुलीपाशी आल्या तर जळका वास. प्लगची एक पिन काळी पडलेली, बोर्डाचं प्लास्टिक मऊ होऊन पिनेला चिकटलेलं. तो बोर्ड मी अजून ठेवलाय. कोणी एक्स्टेन्शन मागितलं की दाखवते.

त्यानंतर पार्किंगपाशी स्वतंत्र लाइन टाकली, सबमीटर बसवला. म्हणजे सोय देण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो हमीला. पावसाळ्यात ताम्हिणीकडे एखादी फांदी तारांवर पडली की आमच्याकडे रात्र रात्र लाइट नसते. सकाळी पाहुणा म्हणतो, "चार्जिंग आहे असं तुम्ही लिहिलं होतं, आता मी पुण्याला कसा जाऊ?" खोली आवडली, जेवण आवडलं, आणि अभिप्रायात एक तारा, कारण गाडी भरली नाही. ही जबाबदारी माझी कशी?

भोरचा वायरमन

ताई, तुमचा बोर्ड वितळला कारण घरगुती एक्स्टेन्शनची वायर बारीक आणि पिनेची पकड सैल. मिक्सर पाच मिनिटं चालतो, गाडी त्याच्या कितीतरी पट करंट सलग आठ-दहा तास ओढते. सैल जोड तापतो तो तिथेच.

जे लावणार आहेत त्यांच्यासाठी: मीटरपासून स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर, अंतर फार असेल तर त्याहून जाड. स्वतंत्र एमसीबी, म्हणजे जादा लोड आला की पडणारा स्विच. ३० मिलिअँपियरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळून शॉक बसायची वेळ आली की वीज तोडणारा स्विच, ही वगळू नका, कारण पाहुणा ओल्या पायाने, ओल्या हाताने चार्जिंगची बंदूक (गाडीत खोचायचा प्लग) काढणार. सॉकेट इंडस्ट्रियल, पत्रा किंवा पेटीच्या आडोशाला. आणि अर्थिंग. निम्म्या ठिकाणी तक्रार असते की "सॉकेटला लाइट आहे पण गाडी चार्ज होत नाही". गाडीसोबतच्या चार्जरवर लाल दिवा लागतो. तो चार्जर अर्थिंग तपासतो, नीट नसेल तर वीज घेतच नाही. जनरेटरवर पुष्कळदा हेच होतं, न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो म्हणून. जनरेटर आहे म्हणजे चार्जिंग होईल असं कोणी गृहीत धरू नये.

एवढं काम एका पॉइंटला एक दिवसाचं आहे. हॉटेलवाले एका खोलीतला टीव्ही बदलायला जेवढा विचार करतात त्याहून जास्त करायची गरज नाही.

शनिवारपेठी

मला या सगळ्यातली मूळ मागणीच मान्य नाही. ईव्हीवर जीएसटी ५ टक्के. राज्याने करात सवलत दिली. द्रुतगती मार्गावर टोलमाफी दिली. एवढं सगळं करदात्यांच्या पैशातून झाल्यावर आता सहा खोल्यांच्या धंदेवाईकानेही खड्डे खणून वायरी टाकाव्यात? आमच्यासारखे एसटीने किंवा जुन्या पेट्रोलच्या गाडीने जाणारेच अजून जास्त. वायरिंगचा खर्च शेवटी खोलीच्या भाड्यात येणार, म्हणजे तो मीही भरणार. पेट्रोल भरून द्या असं मी कधी कुठल्या लॉजवाल्याला म्हटलं नाही.

ज्याला गरज त्याने पंपावर किंवा चार्जिंग स्टेशनवर जावं. मालकाला धंदा दिसला तर तो आपणहून लावेल. "असायलाच हवं" हा शब्दप्रयोग गिऱ्हाइकाने करू नये.

पौडरोडकर

काका, पेट्रोल पाच मिनिटांत भरतं, म्हणून ते लॉजवर लागत नाही. ईव्हीचं सगळं गणित गाडी उभी असलेल्या वेळेवर आहे आणि रात्रीचा मुक्काम हा सगळ्यात मोठा उभा वेळ. तो वाया घालवून प्रत्येकाला फास्ट चार्जरवर पाठवलं, तर मोठ्या मशीन जास्त लागतील, लांब विकएंडला तिथे रांगा लागतील. खर्चाचं म्हणाल तर तो चार्जिंगच्या दरातूनच वसूल व्हावा, भाड्यातून नव्हे, हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. आणि नव्या इमारतींपुरतं केंद्राने फेब्रुवारी २०१९ मध्ये आदर्श बांधकाम नियमावलीत २० टक्के पार्किंग चार्जिंगसाठी तयार ठेवण्याची तरतूद केलीच आहे. नवीन हॉटेल बांधताना पाइप टाकून ठेवणं जवळपास फुकटात होतं. नंतर फरशी फोडावी लागते.

हिशेबनीस

एक व्यावहारिक गोष्ट. चार्जिंगचे पैसे घेणार असाल तर ती सेवा आहे आणि तिला १८ टक्के जीएसटी आहे. नोंदणी असलेल्यांनी बिलात वेगळी ओळ घालावी, खोलीच्या किंवा जेवणाच्या दरात मिसळू नये. पौडरोडकर म्हणतात ते चार-पाच रुपये ठरवताना हेही धरा, नाहीतर हातात काही उरत नाही. थाळीवाल्यांना ते सांगायला नको.

भाडेगाडीचालक

मालकाची ईव्ही चालवतो, पाहुण्यांना घेऊन जातो. वर एवढी चर्चा झाली, पण ड्रायव्हरचं कोणी बोललं नाही. पुष्कळ रिसॉर्टमध्ये सॉकेट आहे, पण सांगतात, "हा आमच्या राहणाऱ्या पाहुण्यांसाठी." अहो, माझ्या गाडीत आलेले तुमचेच पाहुणे आहेत! मग रात्री एक वाजता कोणाची गाडी भरली की मी उठून माझी लावायची. दिवसभर घाट चालवून आलेल्या माणसाने रात्री दोनदा उठायचं, आणि सकाळी परत घाट उतरायचा. एका सॉकेटवर तीन गाड्या असतील तर नंबर लावायचं काम रिसेप्शनने करावं, ड्रायव्हरवर सोडू नये. आणि ड्रायव्हरला झोपायला जागा द्या, ती चार्जिंगपेक्षा आधी.

थाळीवाला

चालकदादा, शंभर टक्के बरोबर.

या चर्चेतून माझ्या मनात एक वेगळी गोष्ट आली. चारचाकीला मी नाहीच म्हणेन, पण पार्सल पोचवणारी पोरं हल्ली इलेक्ट्रिक स्कूटरवर येतात. दुपारी तीन ते सहा धंदा थंड असतो तेव्हा ती समोरच्या पारावर बसून असतात. स्कूटरची बॅटरी तीनेक युनिटची, लोडही कमी. संध्याकाळी माझा एसी आणि फ्रीझर जोरात चालतात तेव्हा नाही, पण दुपारी दोन सॉकेट मी सहज देऊ शकतो. पुण्यात दुचाक्या किती आहेत बघा, जेवणाच्या हॉटेलांनी हेच करावं. वायरमनभाऊ, स्कूटरलाही तीच आरसीसीबी लागेल का?

भोरचा वायरमन

लागेल. उघड्यावर असेल तर नक्कीच. दोन्ही सॉकेट एका आरसीसीबीवर चालतील, पण एमसीबी वेगवेगळ्या ठेवा, म्हणजे एकावर जादा लोड आला तर दुसरी स्कूटर बंद पडणार नाही.

पौडरोडकर

मावळमुळशी, तुमच्या हमीच्या मुद्द्यावर विचारतो. बुकिंग घेतानाच "सॉकेट एक, आधी सांगणाऱ्याला आधी, रात्री लाइट गेली तर जबाबदारी नाही" असं लिहिलं तर? मला तेवढं पुरेल. निघताना मी बॅटरीत परतीपुरतं राखून येईन. अडचण होते ती "आल्यावर बघू" ने.

मावळमुळशी

पहिलं आणि दुसरं उद्यापासून लिहिते. लाइटचंही लिहीन. पण "परतीपुरतं राखून या" हेही त्यातच ठळक लिहिणार, आणि ज्याला ते मान्य नाही त्याने जून ते सप्टेंबर आमच्याकडे ईव्ही आणू नये. यात मी बदल करणार नाही.

शनिवारपेठी

ताईंसारखं स्पष्ट लिहिणार असतील तर माझी हरकत नाही. सक्तीला आहे, आणि राहील.