मुलांचा रोलप्लेइंग गेम: फासा हुकला की खेळच अडतो, काय करू?

मंडळी, मदत हवी आहे.

घरातली तीन मुलं (७, ८ आणि ११ वर्षं) एकेक पात्र होऊन गोष्ट खेळतात, आणि गोष्ट सांगून खेळ चालवणारी गेम मास्टर मी. आजवर हा खेळ फक्त खेळलेय, चालवला कधीच नव्हता. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या प्रसिद्ध रोलप्लेइंग गेमचं जाडजूड नियमपुस्तक बाजूला ठेवून गाभा तेवढा उचलला: वीस बाजूंचा फासा टाकायचा, मी सांगितलेला आकडा किंवा त्याहून जास्त पडला की जमलं. प्रत्येकाच्या कागदावर पात्राचं नाव, चित्र आणि 'मला काय छान येतं' अशा दोन गोष्टी. बस्स.

पहिला अर्धा तास झकास गेला. मग धाकटी कुलूप उघडायला सरसावली. मी १२ सांगितले. पडले ४. मग ७. मग ९. ओठ थरथरायला लागले. मोठा "दे, मी करतो" म्हणाला आणि तिथून पुढचं सगळं त्यानेच केलं. मधल्याला राक्षसाशी लढायचंच नव्हतं, कोडी घालून दोस्ती करायची होती. माझी तयारी लढाईचीच, म्हणून मी ती रेटली. (चुकलंच माझं.)

रात्री हिशेब मांडला. १२ किंवा जास्त पडायची शक्यता ४५ टक्केच! लागोपाठ तीनदा हुकणं म्हणजे साधारण सहात एकदा होणारच. नशिबाला कशाला बोल लावू?

सहा बाजूंचे दोन फासे टाकून मोठा आकडा धरला आणि ४ ला पास केलं, तर ७५ टक्के वेळा जमेल. पण मग धाकधूक उरेल का? आणि मोठ्याचा हिरमोड न करता त्याला आवरू कसं? पात्र मरू द्यायचं का, हेही सांगा.

प्रतिसाद

ताई, दोन फासे चालतील, पण खरी गोम हुकल्यावर काय होतं त्यात आहे. तुमच्याकडे काहीच होत नाही, म्हणून पोर पुन्हा पुन्हा टाकत बसतं. हुकलं तरी कुलूप उघडू द्या, फक्त असा खणखणाट होऊ दे की पहारेकरी जागा होईल. एका कामाला एकदाच फासा. आणि हुकल्याने गोष्ट पुढे सरकणार नसेल, तर फासा मागूच नका.

मोठ्याला नकाशा काढायला लावा, राक्षसाचा आवाज त्यालाच द्या. माझ्याकडचा असाच एक दादा त्यानंतर इतरांची पाळी येण्याची वाट बघायला लागला, कारण बोलायला मिळायचं ते तेव्हाच. मरण नको. शक्ती संपली की बेशुद्ध, आणि सोबत्याने आपली पाळी खर्चून उठवायचं.

धागाकर्ती

राक्षसाचा आवाज! हे सुचलंच नव्हतं. मधल्याला आत्ताच विचारलं, त्याची चार कोडी तयार आहेत. त्यातलं एक मलाच सुटलेलं नाही.